हळदीचा कोपरा

"भावोजी, मान सरळ ठेवा. मुकुट घसरतोय."

मी मान सरळ ठेवली. शेवंतीचा मुकुट होता. दंडाला फुलांचे बाजूबंद, गळ्यात हार आणि हातात थर्मोकोलचं धनुष्य. झोपाळ्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. माझं वय तेव्हा सदुसष्ट. एस.टी.च्या वर्कशॉपात मी बत्तीस वर्षं इंजिनं उघडली होती. डोहाळजेवणाला कधी गेलो नव्हतो, आणि आता माझंच चाललं होतं.

"पण मी कशाला बसायचं?" मी शेवटचं विचारून बघितलं.

"मग काय कासवीण येणारे बसायला?" शालनवहिनी म्हणाल्या. "ती अंडी घालून गेली तळ्यात. वाफा तुमचा, अंडी तुमच्या वाफ्यात. आता सगळं तुम्हालाच निस्तरायचंय. बसा गप."

शालनवहिनी गुरव आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं होतं, होळीला वेळ होता आणि सोसायटीत कोणी गरोदर नव्हतं. त्यामुळे वाफ्यातल्या अंड्यांचं डोहाळजेवण करायचं असं मंडळानं एकमतानं ठरवलं. वाफ्याची ओटी भरून झाली होती. कढीपत्त्याच्या फांदीला हिरव्या बांगड्या आणि बुंध्याशी खण, नारळ, तांदूळ.

"आता वाटी उचला," कोणीतरी म्हणालं. समोर दोन झाकलेल्या वाट्या आल्या. मी डावीकडची उचलली. बर्फी निघाली.

"मुलगी!" सगळ्या ओरडल्या.

"अगं, एकच कशी? भावोजी, अंडी किती आहेत?"

"आठ," मी पटकन बोलून गेलो.

"मातीच्या आत आहेत ना? मग तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज," मी म्हणालो आणि बर्फी तोंडात घातली. म्हणजे पुढं बोलायला नको.

हे सगळं एका थापेमुळं चाललं होतं. थाप माझी होती.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी बायको मालन त्याच्या आदल्या आषाढात गेली. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत सगळं संपलं. मुलगा बडोद्याला असतो. तो म्हणाला, माझ्याकडं चला. मी म्हणालो, वाफ्याला पाणी कोण घालणार?

वाफा तिचा होता. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या मागे तळं आहे. तळं आणि आमचं जाळीचं कुंपण यांच्या मधे एक पावसाळी गटार. कुंपणाच्या अलीकडं, बी बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला लागून, दोन खाटा मावतील एवढी मातीची जागा. तिथं मालननं अळू, गवती चहा, कढीपत्ता लावला होता. आणि एका कोपऱ्यात हळद. त्या कोपऱ्याबद्दल ती फार कडक होती.

"तिथं कुदळ लावायची नाही. पाय द्यायचा नाही. मी हळद लावलीय."

"बरं."

"नुसतं बरं नाही. परवा तुम्ही तिथं खुर्ची टाकून बसला होतात."

"सावली होती तिथं."

"दुसरीकडं शोधा सावली."

वाफ्यावरून आमचं भांडण असं एकच होतं, ते कुंपणाचं. त्या कोपऱ्यात जाळीला खालून भोक पडायचं. मी बाइंडिंगची तार घेऊन ते बांधून टाकायचो. आठ दिवसांत तार सुटलेली. मी जाड तार आणली. तीही सुटली. मी म्हणायचो, कुत्री आहेत. मालन म्हणायची, मुंगूस असेल. अकरा वर्षं हे चाललं. त्यातच माझी पक्कड हरवायची. आठवडाभर शोधायचो आणि ती तांदळाच्या डब्यात सापडायची. "तुम्हीच ठेवली असेल," मालन म्हणायची. मला वाटायचं, वय झालं आपलं.

ती गेली त्या वर्षी मी तार बांधली नाही. बांधून भांडायचं कोणाशी?

पौषात सोसायटीची सभा झाली. सेक्रेटरी मोकाशी उभे राहिले. मोकाशी माणूस वाईट नाही, पण त्यांना मोकळी जागा बघवत नाही. म्हणाले, बी बिल्डिंगच्या मागे पेव्हर ब्लॉक घालू, सहा स्कूटर उभ्या राहतील.

"तिथं मालनचा वाफा आहे," मी म्हणालो.

"सावर्डेकर, भावना मी समजू शकतो. पण हा भावनेचा प्रश्न नाही, पार्किंगचा आहे."

हात वर होऊ लागले. आता काय बोलू, काय बोलू? मी रोज संध्याकाळी तळ्यावर ज्या बाकावर बसायचो, त्याच्यासमोर महापालिकेची एक पाटी होती. सहा महिने तीच वाचून ती मला पाठ झाली होती. तीच तोंडातून बाहेर पडली.

"ब्लॉक घालता येणार नाहीत. तिथं कासवानं अंडी घातलीत. कासवाला किंवा त्याच्या अंड्यांना इजा करणं हा कायद्यानं गुन्हा आहे. तुरुंगवास होतो."

वर आलेले हात खाली गेले.

"तुम्ही पाहिलीत?" मोकाशींनी विचारलं.

"पाहिली."

आता सुटलो असं मला वाटलं. पण मोकाशी पडले व्यवस्थित माणूस. त्यांनी तळ्यातल्या कासवांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना फोन केला. त्या सोमवारी येणार, वाफा बघणार आणि तसं लिहून देणार. ठेकेदाराची माणसंही त्यांनी सोमवारचीच सांगून ठेवली. म्हणजे अंडी नसतील तर लगेच काम सुरू.

मग मी काय केलं ते सांगायची मला अजून लाज वाटते. गुरुवारी भर दुपारी, सगळे क्रिकेटची मॅच बघत असताना, मी क्लब हाऊसमधून टेबल टेनिसचे आठ पांढरे चेंडू उचलले. घरी नेऊन त्यांच्यावरची अक्षरं पॉलिश पेपरनं घासून काढली. हात बसलेला होता, काम चांगलं झालं. आणि ते चेंडू कढीपत्त्याखाली वीतभर खोल पुरले. माझा हिशेब सरळ होता. बाई येतील, वरची माती थोडी बाजूला करतील, पांढरं गोल काहीतरी दिसेल, लिहून देतील आणि जातील.

पण बाई सोमवारऐवजी रविवारीच आल्या.

बर्फी माझ्या तोंडात असतानाच फाटकातून एक स्कूटी आत आली. तिच्यावर तिशीतली मुलगी, पाठीला पिशवी, पायात गमबूट. तिच्यामागून मोकाशी धावत आले.

"नमस्कार, मी वैदेही खराडे. उद्या दुसरं काम निघालं म्हणून आज आले. अंडी कोणी पाहिली होती?"

सगळ्या बायकांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मुकुट पाहिला, बाजूबंद पाहिले, धनुष्य पाहिलं.

"काका, तुम्ही?"

बर्फीमुळं मला बोलता येईना. मी धनुष्य हलवलं.

"बरं," ती म्हणाली. तिच्या कामात तिला तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटत असावीत. "जागा दाखवा."

मी झोपाळ्यावरून उतरलो. अख्खं महिला मंडळ मागून आलं. ती मुलगी कढीपत्त्याशी उकिडवी बसली, नारळ आणि खण अदबीनं बाजूला ठेवले आणि पिशवीतून रंग द्यायचा ब्रश काढला. त्यानं ती कणाकणानं माती सारायला लागली. मला वाटलं होतं तसं वरवर काही नव्हतं ते.

"आमच्याकडच्या तळ्यांत बहुतेक मऊ पाठीचं कासव असतं," ती काम करता करता सांगत होती. "त्याला अंडी घालायला मऊ, ओलसर माती लागते. पूर्वी तळ्याच्या काठाला ती होती. आता सगळीकडं दगडी भिंत आणि जॉगिंग ट्रॅक. माद्या बिचाऱ्या गटारातून लांबलांब हिंडतात जागा शोधत. म्हणून मला तुमचा फोन आल्यावर फार बरं वाटलं होतं."

मला फार वाईट वाटलं.

पांढरं दिसलं. "अगंबाई!" शालनवहिनी म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले. बाकीच्यांनीही जोडले. मोकाशींनीसुद्धा.

वैदेहीनं चेंडू दोन बोटांत धरून वर काढला. उन्हात फिरवला.

"काका, एवढं मोठं अंडं असेल तर ती कासवीण बादलीएवढी असेल."

"असेल," मी म्हणालो. "खाणं भरपूर आहे तळ्यात."

"आणि याच्यावर तीन चांदण्या आहेत."

मी जवळ जाऊन पाहिलं. होत्या. पॉलिश पेपर मारताना एका चेंडूवर राहून गेल्या होत्या.

"हे माझे चेंडू आहेत!" मोकाशी ओरडले. "चार दिवस झाले, खेळ बंद आहे आमचा! मी मोलकरणीवर संशय घेत होतो!"

"थांबा, थांबा," शालनवहिनी म्हणाल्या. "म्हणजे आम्ही चेंडूंचं डोहाळजेवण केलं?"

त्यांनी माझ्याकडं वळून कमरेवर हात ठेवले.

"भावोजी, मी तीस पुरणपोळ्या लाटल्यात सकाळपासून. चेंडूंसाठी?"

"मी ओटीत घरच्या झाडाचा नारळ घातलाय," दुसऱ्या एक बाई म्हणाल्या. "सासरहून आलेला."

मी मुकुट काढला. बाजूबंद काही निघेनात, गाठ मागून होती. तसाच उभा राहिलो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "वाफा मालनचा होता. दुसरं काही सुचलं नाही."

शालनवहिनींनी पदराला हात पुसले आणि त्या दुसरीकडं बघायला लागल्या. मोकाशी चेंडू खिशात भरत होते, ते थांबले.

"सावर्डेकर, मला वाईट वाटतं," ते हळू म्हणाले. "पण सभेत ठरलंय. उद्या माणसं येतील."

"येऊ देत. मी आडवा नाही येणार. फक्त तेवढा हळदीचा कोपरा सोडा. तिथं कुदळ लावू नका."

"का?"

"मालननं सांगितलंय."

वैदेही ब्रश झटकून पिशवीत ठेवत होती. तिनं मान वर केली. "कुठाय हळद?"

"तो काय, कोपऱ्यात."

ती बघत राहिली. "काका, तिथं काहीच नाहीये."

"खाली असेल. हळद जमिनीच्या खालीच असते ना?"

"मी मिरजेकडची आहे. आमच्या रानात दर वर्षी हळद असते. या दिवसांत पाला वाळतो हे खरं, पण वाळलेला पाला तरी दिसतो. पावसाळ्यात पानं येतात का तिथं?"

"पानं? नाही."

"कधीच?"

"अकरा वर्षांत नाही."

"अहो भावोजी, हळदीची पानं हातभर लांब असतात!" शालनवहिनी म्हणाल्या. "नागपंचमीला पातोळ्या खाता ना तुम्ही? त्या कशात गुंडाळून उकडतात?"

"पानात."

"कसल्या?"

मी शालनवहिनींकडं पाहिलं. मालन दर नागपंचमीला पातोळ्या करायची. मी आठ-आठ खायचो. पानं बाजारातून मीच आणायचो. पानांची जुडी द्या म्हटलं की भाजीवाली द्यायची. दारात हळद असताना आपण हळदीची पानं विकत आणतोय, हे मला अकरा वर्षांत एकदाही सुचलं नाही. कारण ती कसली पानं आहेत हेच मला माहीत नव्हतं.

"मालनचं माहेरही मिरजेचंच," मी म्हणालो.

"मग त्यांना हळद लावता येत नव्हती असं काही नसणार," वैदेही म्हणाली. तिनं पिशवीतून ब्रश पुन्हा काढला. "काका, बघू का मी? कुदळ नाही लावत. नुसता ब्रश."

मला नाही म्हणायचं होतं. मालनला काय वाटेल, हेच मनात येत होतं. पण उद्या तिथं कुदळीच येणार होत्या.

"सांभाळून," मी म्हणालो.

या वेळी कोणी हात जोडले नाहीत. वैदेही जवळजवळ आडवी झाली होती. ब्रशचा सपसप आवाज येत होता. मोकाशी वाकून बघताना त्यांच्या खिशातून एक चेंडू पडला आणि टप्पे घेत गटारात गेला. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"आहेत," वैदेही म्हणाली.

मी गुडघ्यावर बसलो. चेंडूपेक्षा लहान, गोल, मळकट पांढरी. वरची तीन दिसत होती, त्यांच्याखाली आणखी.

"खरी?" शालनवहिनींनी विचारलं. "नीट बघ बाई. चांदण्या नाहीत ना?"

"नाहीत. खरी आहेत." ती हसत होती. "बाहेर काढत नाही. अंडी फिरवली तर आतलं पिल्लू मरतं. माती परत ढकलते. आणि ही पहिलीच खेप नाही बरं का. ही बघा, जुनी टरफलं. वर्षानुवर्षांची आहेत."

"ही कधी घातली असतील?" मी विचारलं.

"दसरा-दिवाळीच्या सुमारास. पावसाळ्याच्या तोंडाला पिल्लं बाहेर येतील."

दसरा. मालन आषाढात गेली होती.

"पण ती आत येते कुठून?" मोकाशींनी विचारलं. "कुंपण आहे ना?"

वैदेहीनं जाळीच्या खाली हात घातला. त्या भोकाच्या कडेची माती घासून गुळगुळीत झाली होती, तव्याच्या तळासारखी. आणि जाळीच्या तारा एकेक करून बाहेरच्या बाजूला वळवलेल्या होत्या. टोकं आत दुमडलेली, कोणाला टोचू नयेत म्हणून.

"हे कोणीतरी मुद्दाम केलंय," वैदेही म्हणाली. "पक्कड लावून."

मी ते काम जवळून पाहिलं. माणूस बत्तीस वर्षं वर्कशॉपात असला की पकडीचं काम ओळखतो. माझ्याच पकडीचं होतं. तिच्या एका दात्याला खाच आहे, ती प्रत्येक तारेवर उमटली होती.

अकरा वर्षं मी दर पावसाळ्याच्या शेवटी भोक बांधत होतो आणि माझी बायको पक्कड घेऊन ते सोडत होती. मग पक्कड तांदळाच्या डब्यात. आणि मी कुत्र्यांना शिव्या देत होतो. मला हसू यायला लागलं. आधी थोडं, मग आवरेचना. बाजूबंद घातलेला म्हातारा वाफ्यात गुडघ्यावर बसून हसतोय. शालनवहिनींना वाटलं मला काहीतरी झालं. त्या पाणी घेऊन आल्या. खरं तर तोपर्यंत मी रडतच होतो, पण बघणाऱ्याला फरक कळला नसावा.

"मला का नाही सांगितलं तिनं?" मी विचारलं.

"भावोजी, रागावू नका," शालनवहिनी म्हणाल्या, "पण तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुमचं मूळव्याधीचं ऑपरेशन अख्ख्या सोसायटीला तुम्ही स्वतः सांगितलंत. लिफ्टमध्ये."

"काकूंनी बरोबर केलं," वैदेही म्हणाली. "कळलं की लोक येतात. कोणी शुभ म्हणून कासव घरी नेऊन टबात ठेवतं, कोणी अंडी उकरून बघतं. तळ्याच्या या बाजूला एवढी एकच माती उरलीय, काका. बाहेर कुठं बोलू नका. तुम्ही सगळ्याच."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. वीस जणी होत्या.

मोकाशी डोकं खाजवत उभे होते. "पेव्हर ब्लॉकचं काम रद्द," ते म्हणाले. "पण मला मिनिट्समध्ये काहीतरी कारण लिहावं लागेल. काय लिहू?"

"हळद लिहा," मी म्हणालो.

त्यांनी तसंच लिहिलं. सोसायटीच्या वहीत आजही आहे: 'बी इमारतीच्या मागे हळदीची लागवड असल्याने तेथे खोदकाम करू नये.' मग आम्ही सगळ्यांनी पुरणपोळ्या खाल्ल्या. वैदेहीनं चार खाल्ल्या.

जूनमध्ये एका सकाळी मी झारीनं पाणी घालत असताना त्या कोपऱ्यातली माती हलली. रुपयाएवढी सहा पिल्लं निघाली. अंडी सात होती, एक काही फुटलं नाही. भोकापर्यंत चार हातांचं अंतर, पण त्यांना अर्धा तास लागला. कावळे जमले. मोकाशी लेंग्यावरच टेबल टेनिसची बॅट घेऊन धावत आले आणि शेवटचं पिल्लू गटारात उतरेपर्यंत कावळे हाकलत उभे राहिले. एकदा तर भिंतीवरच्या कावळ्याला उलट्या हातानं मारलेल्या फटक्यात त्यांनी स्वतःचा चष्मा पाडला.

आता सोसायटीत बरेच नवीन लोक आलेत. बी बिल्डिंगमध्ये एक नवरा-बायको आहेत, दोघंही कॉम्प्युटरवर काम करतात. त्या मुलीनं परवा मला विचारलं, "काका, त्या कोपऱ्यात काय आहे? सगळे तिथून वळसा घालून का जातात?"

"हळद आहे," मी म्हणालो.

"दिसत नाही ती."

"खाली असते."

तिला पटलं. शेजारी शालनवहिनी उभ्या होत्या, त्यांनी मान डोलावली. गणपती झाले की मी पक्कड घेऊन जाळी बघून येतो, कुठं तार वाकून भोक लहान तर झालं नाही ना. मग पक्कड तांदळाच्या डब्यात ठेवतो. नागपंचमीला शालनवहिनी मला पातोळ्या करून देतात. पानं मी बाजारातून आणतो.